उरला तो प्रत्यय

सुट्टीत बहिणीकडे गेले होते तेव्हा तिच्या सहा वर्षांच्या मुलीने मला विचारलं, "मावशी, बसला बस का म्हणतात? तिथं बसतात म्हणून ना?" अनुवादकाला दुसऱ्याची चूक दुरुस्त करण्याची वाईट खोड असते. मी लगेच म्हणाले, "नाही गं, तो इंग्रजी शब्द आहे. त्याचा बसण्याशी काही संबंध नाही." ती थोडा वेळ विचारात पडली आणि म्हणाली, "मग इंग्रजीत सगळे उभेच राहतात का?"

मी हसले आणि विषय तिथेच संपला. पण परत आल्यावर आठवड्याभरात एक साधी गोष्ट घडली आणि तिचा प्रश्न पुन्हा समोर आला.

महाराष्ट्राबाहेरच्या ज्या शहरात मी पोटापाण्यासाठी राहते, तिथे संध्याकाळी शहर बसने घरी येत होते. मला खिडकीजवळची जागा मिळाली होती. शेजारच्या जागेवर माझी पिशवी होती. तिच्यात एक शब्दकोश, भाषांतराचं हस्तलिखित आणि जेवणाचा डबा. एका थांब्यावर कचरा वेचणारी एक बाई चढली. हातात दुमडलेलं रिकामं पोतं, अंगाला दिवसभराच्या कामाचा वास. तिने तिकीट काढलं. गाडीत रिकामी म्हणावी अशी एकच जागा होती, माझ्या शेजारची. तिने त्या जागेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहू लागले. मागून कोणीतरी वासावरून काही पुटपुटलं. ती दाराजवळ खाली, पायरीला लागून बसली. माझा थांबा येईपर्यंत पिशवी जागेवरच होती.

मी तिला काही बोलले नाही, हाकललं नाही, कोणताही नियम मोडला नाही. तरी त्या रात्री मी कोश उघडला तो शब्दाची व्युत्पत्ती पाहण्यासाठी नव्हे, तर स्वतःपासून जरा लांब जाण्यासाठी. शब्दाने मात्र मला फार लांब जाऊ दिलं नाही.

'बस' हा इंग्रजी शब्द म्हणजे 'ऑम्निबस'चा शेपटाकडचा तुकडा. इंग्रजी भाषेला लांब शब्द छाटायची सवय जुनी आहे. 'टेलिफोन'चा 'फोन' झाला, 'कॅरव्हॅन'ची 'व्हॅन' झाली, 'कॅब्रिओले'ची 'कॅब' झाली. चंचल जमाव या अर्थाच्या 'मोबिले वुल्गुस' या लॅटिन शब्दजोडीतून 'मॉब' उरला. यातल्या बहुतेक छाटणीत शब्दाचा काही जिवंत भाग शिल्लक राहतो. 'फोन'मध्ये ग्रीक भाषेतला आवाज आहे, 'मॉब'मध्ये लॅटिनमधली हालचाल आहे. 'बस'चं तसं नाही. 'ओम्निस' म्हणजे 'सर्व', आणि 'ओम्निबुस' म्हणजे 'सर्वांसाठी'. त्यातला 'सर्व' सांगणारा भाग कापून टाकला गेला आणि उरला तो निव्वळ विभक्तीचा प्रत्यय. मराठीत आपण 'सर्वांसाठी' नावाची गाडी सुरू केली असती आणि चार-पाच वर्षांत लोक म्हणू लागले असते, 'चल लवकर, साठी आली!', तर जे झालं असतं, तेच इंग्रजीत झालं. गंमत अशी की जगभर हाच प्रत्यय पोचला. मिनिबस, ट्रॉलीबस, एअरबस. विजेच्या कामात अनेक जोडण्यांना एकत्र वीज पुरवणाऱ्या धातूच्या पट्टीला 'ऑम्निबस बार' म्हणत, तिची 'बसबार' झाली. तिथून तो शब्द संगणकात गेला. आज मोबाइलच्या चार्जरला जी यूएसबीची तार लावतो, तिच्या नावातला शेवटचा 'बी' म्हणजे बसच. आणि पहिला 'यू' म्हणजे 'युनिव्हर्सल', सार्वत्रिक. पुढून कापलेला 'सर्व' तिथे वेगळ्या शब्दाच्या रूपात परत आणून चिकटवावा लागला.

ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना आणखी एक गोष्ट सांगते. लॅटिनमधला हा '-बुस' आणि संस्कृतमधला '-भ्यः' हे एकाच घराण्यातले आहेत. 'ओम्निबुस'ला संस्कृतात शब्द ठेवायचा तर तो 'सर्वेभ्यः'. म्हणजे आपण रोज ज्या गाडीत चढतो ती आपल्याच 'रामेभ्यः, देवेभ्यः'मधल्या प्रत्ययाची दूरची बहीण आहे. आणि आपण हे पाठ करताना एका गोष्टीने वैतागलेलो असतो: चतुर्थीचं बहुवचन आणि पंचमीचं बहुवचन एकसारखंच. 'सर्वेभ्यः' म्हणजे सर्वांसाठी, आणि 'सर्वेभ्यः' म्हणजे सर्वांपासून. लॅटिनमध्येही नेमकं हेच आहे. दोन्ही विभक्तींचं अनेकवचन 'ओम्निबुस'च. रूप एक, अर्थ दोन. चतुर्थीचं काम संप्रदान, म्हणजे देणं. पंचमीचं काम अपादान, म्हणजे दूर होणं, तुटणं. कोणता अर्थ घ्यायचा हे रूपावरून कळत नाही. ते वाक्यावरून, संदर्भावरून ठरवावं लागतं.

माझ्या मते या गाडीचा सगळा इतिहास या एका व्याकरणाच्या अडचणीत मावतो. पाटीवर नेहमी चतुर्थी लिहिलेली असते. आत चढल्यावर अनेकदा पंचमी भेटते.

सुरुवातीपासून पाहू. ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या भाड्यात धावणाऱ्या शहरी गाड्यांची कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्षात आणणाऱ्यांत तत्त्वज्ञ आणि गणिती ब्लेझ पास्कालचं नाव येतं. 1662 च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये त्याच्या पुढाकाराने घोडागाड्या सुरू झाल्या. भाडं पाच सोल, म्हणून लोक त्यांना पाच सोलांच्या गाड्या म्हणत. भरलेली असो वा रिकामी, गाडी वेळेवर सुटणार, आणि आपल्याला हवी तेवढी एकच जागा घेता येणार. आयुष्याच्या अखेरच्या काही महिन्यांत पास्कालने हे काम केलं. त्याच ऑगस्टमध्ये तो गेला. पण पॅरिसच्या न्यायसंस्थेने परवानगी देताना एक अट घातली: सैनिक, हुजरे, नोकराचा गणवेश घातलेले आणि अंगमेहनतीचे कामगार यांनी या गाड्यांत बसू नये. कारण दिलं ते प्रतिष्ठित नागरिकांच्या सोयीचं. म्हणजे गाडीला 'सर्वांसाठी' हे नाव मिळण्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधीच 'सर्वां'तून कोणाला वगळायचं हे ठरलेलं होतं. काही वर्षांत ही सेवा बंद पडली.

नाव मिळालं ते फ्रान्समधल्याच नांत शहरात, 1820 च्या दशकात. स्तानिस्लास बोद्री नावाच्या गृहस्थाची शहराबाहेर पिठाची गिरणी होती. तिच्या वाफेच्या यंत्रातून निघणाऱ्या गरम पाण्यावर त्याने स्नानगृह उघडलं. गिऱ्हाइकांना तिथवर आणायला गाडी ठेवली. मग लक्षात आलं की लोक गाडीत बसतात ते वाटेत उतरण्यासाठी, स्नान कोणालाच करायचं नसतं. त्याने स्नानगृहापेक्षा गाड्यांवर भर दिला. अशी कथा सांगतात की त्याच्या गाडीच्या थांब्यासमोर ओम्नेस आडनावाच्या टोपीवाल्याचं दुकान होतं आणि त्याच्या पाटीवर आडनावावर कोटी करून 'ओम्नेस ओम्निबुस' असं लिहिलं होतं. कथा खरी की रचलेली, यावर वाद आहे. मला ती आवडते, कारण तीत 'सर्वांसाठी' हा शब्द एका दुकानदाराच्या जाहिरातीतून जन्माला येतो, कोणाच्या जाहीरनाम्यातून नव्हे. 1828 मध्ये या गाड्या पॅरिसला गेल्या. 4 जुलै 1829 रोजी जॉर्ज शिलिबीरने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक असा मार्ग सुरू केला. तीन घोडे ओढत असलेली लांब गाडी, अंगावर मोठ्या अक्षरांत 'ऑम्निबस'. पूर्ण मार्गाचं भाडं एक शिलिंग. त्या काळच्या मजुराच्या रोजातून एवढं गेलं तर घरी काय न्यायचं हा प्रश्न पडावा. कायद्याने कोणालाही मज्जाव नव्हता. मज्जाव भाड्याने केला. पॅरिसच्या न्यायालयाला जे लिहून काढावं लागलं, ते लंडनमध्ये न लिहिता झालं.

पुढच्या काही वर्षांतच इंग्रजांनी शब्द छाटून 'बस' केला. 'सर्व' गळाला. घाईत गळाला, आळसाने गळाला, त्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यातही पुष्कळ वेळा दुष्ट हेतू शोधून सापडत नाही.

शंभराहून अधिक वर्षांनी अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरात बस खरोखरच स्वस्त होती, आणि तिचे बहुसंख्य प्रवासी कृष्णवर्णीय होते. पुढच्या दहा जागा गोऱ्यांसाठी राखीव. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दारातून चढून पैसे द्यायचे, आणि अनेकदा त्याला पुन्हा खाली उतरून मागच्या दाराने चढायला सांगितलं जाई. कधी कधी तो मागच्या दारापर्यंत पोचायच्या आत गाडी सुटे. पैसे घेताना चतुर्थी, बसू देताना पंचमी, याहून नेमकं उदाहरण मला सापडलेलं नाही. 2 मार्च 1955 रोजी क्लॉडेट कोल्व्हिन या पंधरा वर्षांच्या मुलीने जागा सोडायला नकार दिला. तिला अटक झाली. 1 डिसेंबरला रोझा पार्क्स यांनी तोच नकार दिला, आणि चार दिवसांनी बहिष्कार सुरू झाला. तो 381 दिवस चालला. लोक चालत कामावर गेले. ज्या खटल्यामुळे अखेर बसमधली वर्णभेदाची रेघ पुसली गेली, त्यात कोल्व्हिन ही एक वादी होती. जगाच्या लक्षात मात्र पार्क्स राहिल्या. इतिहासही नावं छाटतो.

इंग्लंडमधलं उदाहरण तर नावासकट आहे. ब्रिस्टल शहराच्या बस कंपनीचं नाव होतं 'ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी'. म्हणजे तिच्या नावात 'सर्व' शाबूत होता. तिच्या गाड्यांत कोणीही बसू शकत असे. पण चालक किंवा वाहक म्हणून काळ्या वा आशियाई माणसाला ती घेत नसे. 1963 मध्ये गाय बेली या तरुणाची मुलाखत ठरली, आणि तो कॅरिबियन आहे हे कळताच ती रद्द झाली. पॉल स्टीव्हन्सन यांच्या पुढाकाराने शहराने बसवर बहिष्कार घातला. 28 ऑगस्टला कंपनीने माघार घेतली, आणि सप्टेंबरमध्ये रुजू झालेला पहिला गौरेतर वाहक होता रघबीर सिंग, एक शीख. 'सर्वांसाठी' असं नाव धारण करणाऱ्या कंपनीला 'सर्व' या शब्दाचा अर्थ शिकवायला एक पगडीवाला माणूस आत यावा लागला.

हे वाचताना आपल्याला नेहमीसारखं बरं वाटू लागतं: बघा, ते कसे होते. म्हणून इथे थांबून आपल्याकडे येते.

बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात प्रवासाचे प्रसंग सांगितले आहेत. पहिला 1901 च्या सुमाराचा. नऊ-दहा वर्षांचे भीमराव आणि बरोबरची मुलं वडिलांना भेटायला निघून मसूर स्थानकावर उतरली. ती कोणत्या जातीची आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घ्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, या अटीवर की गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालत येईल. दुसरा प्रसंग 1929 चा, चाळीसगावचा. तोवर ते परदेशातल्या पदव्या घेऊन आलेले बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सदस्य होते. टांगा मिळाला, पण टांगेवाला हाकायला तयार नव्हता. वस्तीतल्या, टांगा हाकायची सवय नसलेल्या माणसाने तो हाकला, अपघात झाला, आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. मला यात सगळ्यात भेदक वाटतं ते असं की दोन्ही वेळा वाहन नाकारलं गेलेलं नाही. भाडंही घेतलं गेलं आहे. नाकारलं गेलं ते शेजारी बसणं.

1955 मध्ये, म्हणजे मॉन्टगोमेरीच्याच वर्षी, आपल्याकडे अस्पृश्यता अपराध अधिनियम आला. त्यात सार्वजनिक वाहनाचा वापर करू न देणं हा गुन्हा ठरवला गेला. कायद्याने दार उघडलं. आणि दार उघडणं ही लहान गोष्ट नाही. महाराष्ट्रात 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावू लागलेली एस.टी. गावोगाव गेली. खेड्यांत तिची 'यष्टी' झाली. ज्या गावात देवळात एकत्र उभं राहता येत नव्हतं, त्या गावची माणसं यष्टीत गुडघ्याला गुडघा लावून बसू लागली, कारण गर्दीत दुसरा इलाजच नव्हता. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे एस.टी.चं ब्रीद आहे, बुद्धाच्या उपदेशातून आलेलं. व्याकरणाच्या विद्यार्थ्याने पाहावं: 'हिताय', 'सुखाय'. पुन्हा चतुर्थीच.

पण दार उघडलं म्हणजे अर्थ बदलला असं होत नाही. तमिळनाडूत 1997 मध्ये एका परिवहन महामंडळाला वीरन सुंदरलिंगम या 18 व्या शतकातल्या दलित वीराचं नाव देण्यात आलं. त्याआधी इतर जातींच्या नेत्यांची नावं असलेल्या बसमधून सगळे बिनतक्रार जात होते. हे नाव लागताच काही प्रबळ जातींनी त्या नावाच्या बसमध्ये बसणार नाही असं म्हटलं. हिंसाचार झाला, माणसं मेली. अखेर सरकारने सगळ्याच नेत्यांची नावं महामंडळांवरून आणि जिल्ह्यांवरून काढून टाकली. शांतता आली, ती नाव छाटून. हा निर्णय व्यवहाराच्या दृष्टीने शहाणपणाचा असेलही. मला तो वाचताना 'ऑम्निबस'चा 'बस' होताना दिसतो. 'सर्व' म्हणजे कोण कोण, हे स्पष्ट उच्चारायची वेळ आली की आपण तो भाग कापतो आणि प्रत्ययावर भागवतो.

इथे एक उलट प्रश्न कोणीही विचारील, आणि विचारायला हवा. बस जर सर्वांसाठी, तर आत 'फक्त स्त्रियांसाठी', 'ज्येष्ठ नागरिकांसाठी', 'अपंगांसाठी' या पाट्या कशाला? आपल्या सगळ्या भाषांतल्या बसमध्ये चतुर्थीचे प्रत्यय रंगवलेले असतात: मराठीत 'साठी', हिंदीत 'के लिए', गुजरातीत 'माटे', कन्नडात 'गे', तेलुगूत 'कु'. आणि आता भाड्यातही ते आले. दिल्लीत 2019 पासून, तमिळनाडूत 2021 पासून, कर्नाटकात आणि तेलंगणात 2023 पासून स्त्रियांना सार्वजनिक बसचा, सगळ्या नाही तरी साध्या गाड्यांचा, प्रवास मोफत आहे. महाराष्ट्रात मार्च 2023 पासून एस.टी.त अर्धं तिकीट. दिवसभर हमाली करून घरी निघालेला पुरुष पूर्ण भाडं भरून दांडीला लटकतो आणि समोर बिनतिकिटाची बाई बसलेली असते, तेव्हा त्याला राग येतो. त्या रागाला हसणं सोपं आहे. मी हसत नाही. त्याचे पाय खरोखर दुखत असतात.

तरीही मला वाटतं, 'काहींसाठी' हे 'सर्वांसाठी'च्या विरोधात आपोआप जात नाही. 'सर्व' ही आयती मिळालेली वस्तू नसते. ती जमवावी लागते. ज्या बाईने भाड्याच्या हिशेबाने दोन थांबे चालत जायचं ठरवलं होतं, किंवा लांबचं काम सोडून कमी पगाराचं जवळचं धरलं होतं, ती त्या गाडीत नव्हतीच. तिच्याशिवाय भरलेल्या गाडीला 'सर्वांची' म्हणणं हे 'सर्व' शब्दाला न शोभणारं होतं. तिच्या जागेवर लिहिलेली चतुर्थी म्हणजे जुन्या पंचमीची परतफेड आहे. पण प्रत्येक राखीव जागेला हे लागू होत नाही. एस.टी.त आमदारांसाठीही जागा राखीव असते. मी लहानपणापासून त्या पाटीखाली आमदार सोडून सगळ्यांना बसलेलं पाहिलं आहे. म्हणून कसोटी अशी लावावी: ही राखीव जागा बाहेर राहिलेल्याला आत आणते की आत असलेल्याला इतरांहून वेगळं करते? पहिली चतुर्थी, दुसरी पंचमी. पाटीवर दोन्हींचा प्रत्यय 'साठी'च असतो. अर्थ संदर्भावरून लावायचा.

या कसोटीने त्या हमालाच्या रागालाही उत्तर देता येतं. त्याचं भांडण त्या बाईशी नाही, अपुऱ्या बसशी आहे. दोन गाड्यांची माणसं एका गाडीत कोंबली की प्रत्येक सहप्रवासी आपल्या वाट्याचा चोर वाटू लागतो. गाड्या वाढवणं हे राज्यकर्त्यांचं काम. ते त्यांच्याकडून करवून घेणं आपलं.

पण हे सगळं लिहून झालं तरी माझी पिशवी जागेवरच आहे.

त्या संध्याकाळी कायदा माझ्या बाजूने नव्हता आणि विरुद्धही नव्हता. दार उघडं होतं. तिकीट सारख्याच भावाचं होतं. जागा कोणासाठी राखीव नव्हती. पास्कालच्या पॅरिसपासून आजपर्यंत जे जे अडथळे लोकांनी लढून हटवले, ते सगळे हटलेले होते. उरलेला अडथळा म्हणजे शब्दकोश भरलेली एक कापडी पिशवी. राज्यघटनेला ती उचलता येत नाही. उचलता येऊही नये. माझ्या मांडीवरच्या पिशवीपर्यंत सरकारचा हात पोचावा असं मला वाटत नाही. पण मग तिथे कोणाचा हात पोचायचा, याचं उत्तर एकच उरतं.

मी स्वतःशी बराच युक्तिवाद केला. वास खरा होता. मी थकलेली होते. तिने विचारलं असतं तर मी पिशवी उचलली असती. हा शेवटचा युक्तिवाद सगळ्यात सभ्य आहे आणि सगळ्यात वाईट. ज्याला पिढ्यानपिढ्या नकार मिळाला आहे, त्यानेच आधी विचारावं, आणि जिच्याकडे जागा आहे तिने उदारपणे होकार देण्यासाठी खिडकीबाहेर पाहत थांबावं, ही ती मांडणी. तिने विचारलं होतंच. डोळ्यांनी विचारलं होतं. दोन भाषांमधलं न बोललेलं ऐकणं हा माझा व्यवसाय आहे. मला ते ऐकू आलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

आणि वासाविषयी. तो वास माझ्याच घरातून गेलेल्या कचऱ्याचा असणार. या शहराने जे टाकलं, ते तिने दिवसभर उचललं, आणि संध्याकाळी शहराने तिला सांगितलं की तुझ्या अंगाला आमचा वास येतो.

दोन अक्षरी शब्दाने माणूस सुधारतो यावर माझा विश्वास नाही. व्युत्पत्ती कळली म्हणून कोणी चांगलं होत नाही. नाहीतर भाषाशास्त्राचे विभाग संतांनी भरलेले असते. शब्दाचा कापलेला भाग शोधून काढल्याने फक्त एक गोष्ट होते: तो भाग कापला गेला आहे हे आठवत राहतं. मी हल्ली बसमध्ये पिशवी मांडीवर घेते. यात काही पुण्य नाही. गुडघे अवघडतात एवढंच.

भाचीला मी चुकीचं उत्तर दिलं असं आता वाटतं. व्युत्पत्ती म्हणून तिचं म्हणणं बरोबर नव्हतं. आपलं 'बसणे' जुन्या 'बैसणे'तून, त्याआधी संस्कृत 'उपविश्'मधून आलं. इंग्रजी 'बस' लॅटिनच्या शेपटातून आली. दोघी दोन दिशांनी येऊन मराठीत एका उच्चारावर भेटल्या, हा निव्वळ योगायोग. पण भाषेतल्या योगायोगांनाही कधी कधी अर्थ द्यायचा असतो, नाहीतर ते वाया जातात. लॅटिनने या गाडीला दिलेला 'सर्व' वाटेत गळाला. उरलेल्या अर्थशून्य प्रत्ययाला मराठीत येऊन अनायासे एक अर्थ मिळाला, आणि तोही आज्ञार्थ. घरी आलेल्याला आपण सगळ्यात आधी जो शब्द म्हणतो तो. पाणी विचारण्याआधी, नाव-गाव विचारण्याआधी. लहान असेल तर 'बस', मोठा असेल तर 'बसा'.

मॉन्टगोमेरीच्या चालकाने रोझा पार्क्सना म्हटलं ते याच्या नेमकं उलट होतं: ऊठ. चाळीसगावच्या टांगेवाल्याने तेवढंही म्हटलं नाही. तो स्वतःच टांग्यावर बसला नाही. मीही काही म्हटलं नाही. या तीन गप्प वा बोलत्या नकारांत अंतर पुष्कळ आहे, ते मला पुसायचं नाही. पण ते एकाच रस्त्यावरचे थांबे आहेत.

त्या बाईला मी नंतर पाहिलं नाही. पाहिलं तर ओळखेन की नाही सांगता येत नाही, कारण त्या वेळी मी खिडकीबाहेर पाहत होते. ती वयाने माझ्यापेक्षा मोठी होती, एवढं मात्र लक्षात आहे. म्हणजे शब्द 'बसा' हाच हवा होता. त्या शहरात तो मराठीत म्हणून चाललं नसतं. अनुवाद करावा लागला असता. शब्दकोश पिशवीतच होता, पण त्याची गरज पडली नसती. पिशवी उचलली असती तरी तिला कळलं असतं.